५० ला कितीने भागलं की बाकी ८ उरते? ६ आणि ७ का चालत नाहीत?

निळीशाई

मुलगी पाचवीत आहे. पाढे पाठ आहेत, भागाकाराची मांडणी व्यवस्थित करते, पण एका गणितावर आमचं घोडं अडलं आहे. गणित असं:

"५० ला ज्या ज्या संख्येने भागले असता बाकी ८ उरते, अशा सर्व संख्या लिहा."

तिने काय केलं ते जसंच्या तसं सांगतो. आधी ५० मधून ८ वजा केले, ४२ आले. मग ४२ ला ज्या संख्यांनी पूर्ण भाग जातो त्या शोधल्या: १, २, ३, ६, ७, १४, २१, ४२. आणि आठच्या आठ उत्तर म्हणून लिहून टाकल्या. पुस्तकामागचं उत्तर मात्र फक्त १४, २१, ४२. वहीत पहिल्या पाच संख्यांवर लाल काट आहे आणि शेजारी एवढंच लिहिलंय: "बाकी भाजकापेक्षा लहान हवी."

तिचं म्हणणं, "सात सक बेचाळीस, बेचाळीस आणि आठ पन्नास. मग सातने भागल्यावर आठ उरले की नाही? बेरीज चुकली का माझी?" बेरीज चुकलेली नाही. मी तिला वहीतलाच नियम पुन्हा सांगितला, तर विचारते, "पण असा नियम का? मोठी बाकी ठेवली तर काय बिघडतं?" नियम आहे म्हणून पाळ, असं सांगणं माझ्या जिवावर येतं. चांगला प्रश्न विचारलाय तर त्याला चांगलं उत्तर मिळावं असं मनापासून वाटतं.

जोडीला आणखी एक. ७०० ÷ ३०० करताना तिने दोन्हीकडची दोन-दोन शून्यं खोडली, ७ ÷ ३ केलं, भागाकार २, बाकी १. पुस्तकात भागाकार २ आणि बाकी १००. शून्यं खोडणं चालतं असं शिकवलेलं आहे, मग भागाकार जुळतो आणि बाकीच का जुळत नाही?

दहा वर्षांच्या मुलीला समजेल असं सांगा, पण मागचं पूर्ण कारणही सांगा. ते मला हवं आहे.

पेनटोपण

५० ÷ ७ करून बघा. सात सत्ते एकोणपन्नास, बाकी १. आठ उरतच नाहीत. ५० ÷ ६ केलं तर सहा अठ्ठे अठ्ठेचाळीस, बाकी २. म्हणून ६ आणि ७ बाद. पडताळा घेतला असता तर लगेच लक्षात आलं असतं.

निळीशाई

पडताळा तिने घेतलाय हो, ७ × ६ + ८ = ५० हा तिचा पडताळाच आहे. आणि तो जुळतोय! तिथेच तर खरी अडचण आहे.

फळाखडू

निळीशाई, सगळ्यात आधी मुलीला एक गोष्ट सांगा: ७ × ६ + ८ = ५० हे शंभर टक्के बरोबर आहे. मी बरीच वर्षं पाचवी ते सातवीला गणित शिकवत आले आहे. अशा उत्तरावर काट मारण्याआधी "यातलं हे एवढं बरोबर आहे" हे मुलाला ऐकू गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर मूल आपल्या बेरजेवरच संशय घ्यायला लागतं आणि खरा मुद्दा बाजूला राहतो.

मुद्दा बेरजेचा नाही. "भागून झालं" हे कधी म्हणायचं, हा मुद्दा आहे.

घरात पन्नास बटणं किंवा आगपेटीच्या काड्या असतील तर काढा आणि तिला सात-सातच्या ओळी लावायला सांगा. तुम्ही काही बोलू नका. सहा ओळी लागल्या की तिच्या हातात आठ बटणं असतील. तिथे ती थांबते का ते नुसतं बघा. मी वर्गात हे केलंय, मुलं थांबत नाहीत. सातवी ओळ लागतेय हे डोळ्यांना दिसतं, हात आपसूक पुढे जातो, ती ओळ लागते आणि एक बटण उरतं. मग चौदा-चौदाच्या ओळी लावायला सांगा. तीन ओळींनंतर हातात पुन्हा आठच बटणं, पण आता चौदाची ओळ होणार नाही, इथे थांबावंच लागतं. दोन्ही वेळा हातात आठच बटणं. एकदा काम उरलं होतं, एकदा संपलं होतं. काम संपल्यावर जे उरतं त्यालाच आपण बाकी म्हणतो.

हे मुलीपुरतं झालं. आता तिचा पुढचा प्रश्न: मोठी बाकी ठेवली तर बिघडतं काय? याचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजा कुठेही थांबायची मुभा दिली. मग पन्नासला सातने भागायचे हे सगळे मार्ग खरे ठरतात:

५० = ७ × ७ + १
५० = ७ × ६ + ८
५० = ७ × ५ + १५
५० = ७ × ४ + २२
५० = ७ × ३ + २९
५० = ७ × २ + ३६
५० = ७ × १ + ४३
५० = ७ × ० + ५०

आठ ओळी, आठही खऱ्या. आता कुणी विचारलं "५० ÷ ७ ची बाकी किती?" तर एक मूल ८ सांगेल, दुसरं २२, तिसरं "मी भागलंच नाही, ५० उरले." तिघंही बरोबर! मग त्या प्रश्नाला अर्थच उरत नाही. एका प्रश्नाला एकच उत्तर यावं म्हणून या आठांतली एक ओळ निवडावी लागते.

निवडायची कुठली? बाकीचे आकडे बघा: ५०, ४३, ३६, २९, २२, १५, ८, १. दर वेळी सात कमी. जमिनीवर खडूने ०, १, २, ३ अशी ५० पर्यंत घरं आखली आहेत, तुमची मुलगी ५० वर उभी आहे आणि मागे-मागे सात घरांच्या उड्या मारत येते आहे असं समजा. शून्यापासून सहापर्यंतची सात घरं रंगवून ठेवली आहेत. सात घरांची उडी मारणारी मुलगी सात रंगीत घरं ओलांडून पलीकडे जाऊच शकत नाही, एकदा तरी पाय आत पडणारच. आणि दोनदाही पडणार नाही, कारण आत पडल्यावर पुढची उडी शून्याच्या पलीकडे जाते. म्हणजे कुठूनही निघा, रंगीत घरांत पाय पडणार तो एकदाच. ते घर म्हणजे बाकी.

आता रंगीत घरं कमीजास्त करून बघा, मग नियमाची किंमत कळते. ० ते ४ अशी पाचच रंगवली तर ५४ वरून निघालेली मुलगी ५ वर येते आणि तिथून थेट शून्याच्या पलीकडे, तिला बाकीच मिळत नाही. उलट ० ते ८ अशी नऊ रंगवली तर ५० वरून निघालेली मुलगी ८ वर पाय ठेवते आणि १ वरही ठेवते, तिला दोन बाक्या मिळतात. तुमच्या मुलीच्या वहीत नेमकं हेच झालंय. भाजक ७ असेल तर घरं सातच हवीत, एक कमी नाही की एक जास्त नाही. नियम कुणाच्या लहरीने आलेला नाही. दुसरा कुठलाही आकडा घेतला तर कुठे उत्तर हरवतं, कुठे दोन येतात.

(रंगीत घरं ७ ते १३ अशीही घेता आली असती, तीही सातच. पण मग पूर्ण भाग गेल्यावर बाकी ७ लिहावी लागली असती. शून्यापासून सुरू केलं की पूर्ण भाग गेला तेव्हा बाकी शून्य, हे सोयीचं पडतं.)

आता मूळ गणित. तिची रीत उत्तम आहे, तीच ठेवा. बाकी बाजूला काढली की जे राहतं त्याला भाजकाने पूर्ण भाग गेलाच पाहिजे, हे तिला कुणी न सांगता कळलंय ही मोठी गोष्ट आहे. ४२ चे विभाजक जोडीने काढायला सांगा म्हणजे एकही सुटणार नाही: १ × ४२, २ × २१, ३ × १४, ६ × ७. नंतर फक्त एक चाळणी लावायची, आठ किंवा आठाहून लहान असलेले गाळायचे. राहिले १४, २१, ४२.

पण तिला एक जास्तीचं सांगाच. काट मारलेल्या पाच संख्या वाया गेलेल्या नाहीत. तिला ५० ला सहाने भागायला सांगा, बाकी २. मग ८ ला सहाने भागायला सांगा, बाकी २. सातने: ५० ची बाकी १, ८ ची बाकी १. तीनने: २ आणि २. दोनने: ० आणि ०. एकने: ० आणि ०. आणि १४, २१, ४२ ने भागलं तर दोघांचीही बाकी ८. म्हणजे तिने लिहिलेल्या आठ संख्या हे एका वेगळ्या आणि जास्त मोठ्या प्रश्नाचं अचूक, संपूर्ण उत्तर आहे: "५० आणि ८ या दोघांना कितीने भागलं तर सारखीच बाकी उरते?" आठाच्या बाहेर अशी संख्या शोधायला सांगा, पन्नासपर्यंत सापडणार नाही. पन्नासपुढची कुठलीही घेतली तर ५० ची बाकी ५० आणि ८ ची ८.

सारख्या बाकीच्या संख्यांना एका कुटुंबात धरायचं, ही कल्पना गाउस या जर्मन गणितज्ञाने १८०१ साली नीट मांडली, त्यासाठी तीन आडव्या रेघांचं चिन्हही दिलं. पुढचं कितीतरी अंकगणित त्यावर उभं आहे. तुमची मुलगी आपल्या पायांनी त्या दारापर्यंत गेली आहे, तिला हे कळू द्या.

शून्यांच्या प्रश्नाचं संध्याकाळी लिहिते.

निळीशाई

बाई, काय सुंदर समजावलंत. बटणं नव्हती, पत्ते घेतले, जोडीतले दोन बाजूला काढून पन्नास. सातच्या सहा ओळी झाल्यावर ती थांबली नाही, तुम्ही म्हणालात तसंच. सातवी लावली आणि मग एक पत्ता हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी आधीच थांबले होते," असं स्वतःच म्हणाली. मला काही बोलावं लागलं नाही.

सारख्या बाकीचा भाग तिला सर्वांत जास्त आवडला. पाचही संख्यांचे भागाकार करून बघितले आणि काट मारलेल्या जागी पेन्सिलीने छोटी बरोबरची खूण केली. ती मी पुसायला लावलेली नाही.

आता तिने नवीन काढलंय: बाकी ३० का विचारत नाहीत? ५० ला कितीने भागलं तर ३० उरतील? तिने २० चे विभाजक काढले, त्यात ३० पेक्षा मोठा एकही नाही. मग अशी संख्याच नाही, बरोबर ना?

फळाखडू

अगदी बरोबर, अशी संख्याच नाही. आणि यात एक छान गोष्ट दडलेली आहे, ती तिला स्वतःला सापडू द्या. बाकी २० विचारली तर ३० चे विभाजक, चाळणीनंतर ३० राहतो. बाकी २४ विचारली तर २६ चे विभाजक १, २, १३, २६, त्यातला २६ राहतो. बाकी २५ विचारली तर? २५ चे विभाजक १, ५, २५, आणि भाजक २५ पेक्षा मोठा हवा. एकही उरत नाही. म्हणजे भाजक ५० किंवा त्याहून लहान असेल तर ५० ची बाकी २४ च्या वर जाऊच शकत नाही. कुठलीही संख्या घ्या, भाजक तिच्याएवढा किंवा तिच्याहून लहान असेल तर बाकी तिच्या निम्म्याहून कमीच येणार. कारण साधं आहे: निदान एक तरी पूर्ण ओळ लागलेली असते आणि बाकी त्या ओळीहून लहान असते. ओळ मोठी, बाकी लहान, दोन्ही मिळून संख्येच्या आत. मग लहान ती निम्म्याच्या आतच राहणार.

भाजक भाज्यापेक्षा मोठा असेल तर गोष्ट वेगळी. ५ ÷ ८ दिलं की बरीच मुलं थबकतात किंवा उलटं करून ८ ÷ ५ करतात. ओळ आठाची, हातात पाच. एकही ओळ लागत नाही. भागाकार ०, बाकी ५. संपलं. ५ = ८ × ० + ५. यात अवघड काही नाही, फक्त शून्य भागाकार लिहायला मुलं बिचकतात, तेवढी भीड मोडायला हवी.

आता शून्यं. ७०० ÷ ३०० मध्ये दोन-दोन शून्यं खोडली म्हणजे तिने शंभराचे गठ्ठे केले. सात गठ्ठे आहेत, एका वाट्याला तीन गठ्ठे. दोन वाटे झाले, उरला एक. एक काय? एक गठ्ठा, म्हणजे शंभर. भागाकार म्हणजे वाट्यांची संख्या, वाटे गठ्ठ्यांत मोजा की सुटे मोजा, दोनच. बाकी मात्र वस्तूंमध्ये मोजायची असते, तिथे गठ्ठा सोडावा लागतो. म्हणून ७०० = ३०० × २ + १००. शून्यं खुशाल खोडावीत, पण जितकी खोडली तितकी बाकीला परत जोडावीत. शून्यांचंच असं नाही. ४२ ÷ १२ मध्ये दोन्हीकडे सहाने भागून ७ ÷ २ केलं तर भागाकार ३ बरोबर येतो, बाकी १ येते ती सहापट करायची. ४२ = १२ × ३ + ६.

इथेच एक सवय लावते मी मुलांना. "७ ÷ २ = ३ बाकी १" आणि "१० ÷ ३ = ३ बाकी १" अशा दोन ओळी फळ्यावर लिहिते आणि विचारते, उजवीकडे दोन्ही सारखंच आहे, मग डावीकडचंही सारखं म्हणायचं का? ७ ÷ २ आणि १० ÷ ३ सारखे? एक साडेतीन आहे, दुसरं तीन आणि एक तृतीयांश. नुसती "बाकी १" ऐकून काहीच कळत नाही, ती कितीच्या ओळीतून उरली ते कळायला हवं. दोनच्या ओळीतली एक म्हणजे अर्धी ओळ, तीनच्या ओळीतली एक म्हणजे तिसरा हिस्सा. म्हणून माझ्या वर्गात उत्तर ७ = २ × ३ + १ असंच लिहायचं. चौघेही एका ओळीत हजर असतात, भाज्य, भाजक, भागाकार, बाकी, आणि पडताळा वेगळा करावा लागत नाही.

बाकी भाजकावर मांडली की अपूर्णांक मिळतो आणि मग तिचे दोन्ही प्रश्न एकाच जागी येतात. ५० ÷ ७ म्हणजे ७ पूर्णांक १/७. तिचं उत्तर म्हणजे ६ पूर्णांक ८/७. किंमत तीच, पण ८/७ मध्ये एक पूर्ण अजून लपलेला आहे, तो बाहेर काढायचा राहिलाय. ७०० ÷ ३०० म्हणजे २ पूर्णांक १००/३००, आणि ७ ÷ ३ म्हणजे २ पूर्णांक १/३. हे दोन्ही एकच. बाकी बदलली तरी भाजकाशी तिचं नातं बदललं नाही.

पेनटोपण

बाई, मी वर घाईत लिहिलं होतं, तुमचं वाचून बरंच उलगडलं. आमच्याकडच्या सातवीतल्या मुलाचा गोंधळ जरा वेगळा आहे. तो कॅल्क्युलेटरवर ५० ÷ ८ करतो, ६.२५ येतं, आणि बाकी २५ लिहितो. हे त्याला कसं सांगावं?

फळाखडू

त्याला विचारा, ओळ आठाची आहे, मग पंचवीस बटणं हातात कशी राहतील? तीन ओळी आणखी होतील की. आधी हे पटू द्या, मग पुढचं.

.२५ ही बाकी नाही, बाकीने ओळीचा किती हिस्सा भरला ते आहे. पाव ओळ. आठाची पाव ओळ म्हणजे २ बटणं. म्हणून दशांश चिन्हापुढचा भाग भाजकाने गुणायचा: ०.२५ × ८ = २. पडताळा ८ × ६ + २ = ५०. पण ५० ÷ ७ ला कॅल्क्युलेटर ७.१४२८५७१ असं काहीतरी दाखवतो, तिथे पुढचे अंक तुटलेले असतात, गुणल्यावर ०.९९९९ असं येतं आणि मुलं पुन्हा अडतात. त्यापेक्षा पूर्णांक तेवढा घ्यायचा, ७. मग ७ × ७ = ४९, ५० − ४९ = १. ही रीत कधी दगा देत नाही.

अल्पविराम

छान धागा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बाईंची रंगीत घरं वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडे याच घरांवरून खरोखरचे घोळ होतात.

वारांना क्रमांक द्या: रविवार ०, सोमवार १, असं करत शनिवार ६. आज सोमवार असेल तर १०० दिवसांनी कोणता वार? १ + १०० = १०१, आणि १०१ = ७ × १४ + ३, म्हणजे बुधवार. सोपं. आता १०० दिवसांपूर्वी कोणता वार होता? १ − १०० = −९९. याला सातने भागून बाकी काढायची. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा ६ सांगते, म्हणजे शनिवार, आणि ते बरोबर आहे. सी किंवा जावा ही भाषा −१ सांगते. उणे एक क्रमांकाचा वार नसतोच, मग प्रोग्राम तरी अडखळतो नाहीतर गुपचूप चुकीचं काहीतरी उचलतो.

दोघांचाही पडताळा जुळतो, हे विशेष: −९९ = ७ × (−१५) + ६ आणि −९९ = ७ × (−१४) − १. निळीशाईंच्या मुलीच्या ७ × ६ + ८ सारखंच. सी आणि जावात भागाकार शून्याच्या बाजूला तोडला जातो, म्हणून भाज्य उणे असलं की बाकी उणे येऊ शकते. बाईंचा नियम, म्हणजे शून्यापासून भाजकापेक्षा एक कमीपर्यंत, पाळला तरच वार मिळतो. म्हणून आम्ही आलेल्या बाकीत ७ मिळवून पुन्हा ७ ने बाकी काढतो: −१ + ७ = ६. एक उडी पुढे मारून रंगीत घरात यायचं.

मुलीला सांगा, मोठी माणसं पगार घेऊन हाच प्रश्न सोडवत असतात.

पहाटअभ्यास

परीक्षेच्या तयारीत एक प्रकार सतत येतो आणि मी त्याचं सूत्र नुसतं पाठ केलंय. "५०, ९२ आणि १२० यांना ज्या मोठ्यात मोठ्या संख्येने भागले असता प्रत्येक वेळी समान बाकी उरते ती संख्या कोणती?" बाकी किती ते दिलेलं नसतं. सूत्र असं: फरक काढा, फरकांचा मसावि (त्या सर्वांना पूर्ण भागणारी मोठ्यात मोठी संख्या) काढा. उत्तर येतं, पण का येतं ते आत्तापर्यंत कळलेलं नव्हतं. वरचं वाचून थोडा उजेड पडतोय. बाई, हे तेच आहे का?

फळाखडू

तेच आहे. पाचवीतल्या मुलीची आठ संख्यांची यादी म्हणजेच तुमचं सूत्र.

५० ची बाकी आणि ९२ ची बाकी सारखी आहे. एकातून दुसरी वजा केली की बाकीतून बाकी जाते आणि नुसत्या पूर्ण ओळी उरतात. म्हणून ९२ − ५० = ४२ ला त्या भाजकाने पूर्ण भाग जातो. तसंच १२० − ९२ = २८ ला. आणि १२० − ५० = ७० ला, पण ७० म्हणजे ४२ आणि २८ ची बेरीजच, तो वेगळा तपासायची गरज नाही. ४२ आणि २८ दोघांनाही भाग जाणारी मोठ्यात मोठी संख्या १४. पडताळा: ५० = १४ × ३ + ८, ९२ = १४ × ६ + ८, १२० = १४ × ८ + ८. बाकी ८.

इथे चाळणी का लावावी लागली नाही, हे मात्र विचार करून बघा. बाकी आधी ठरवून दिलेली नाही, ती जी येईल ती घ्यायची आहे, आणि भागाकार पूर्ण केला की ती आपोआप भाजकापेक्षा लहानच येते. बाकी किती ते आधीच बांधून दिलं असेल तेव्हाच भाजक तिच्याहून मोठा आहे ना हे तपासावं लागतं. "बाकी ८ उरते" आणि "सारखी बाकी उरते" ही दोन गणितं दिसायला सख्खी भावंडं आहेत. परीक्षेत वाचतानाच कुठलं आहे ते ओळखायचं.

निळीशाई, मुलीसाठी एक देते: १०० ला कितीने भागलं तर बाकी १० उरते? सगळ्या संख्या हव्यात. एक जागा फसवी आहे.

निळीशाई

तिचं उत्तर, तिच्याच शब्दांत टंकतोय:

"१०० − १० = ९०. जोड्या १ × ९०, २ × ४५, ३ × ३०, ५ × १८, ६ × १५, ९ × १०. दहापेक्षा मोठ्या १५, १८, ३०, ४५, ९०. फसवा १० आहे. दहा उरले तर दहाची अजून एक ओळ होते, मग काहीच उरत नाही. गाळलेल्या संख्या १, २, ३, ५, ६, ९, १०. त्यांनी १०० ला आणि १० ला भागलं तर सारखीच बाकी येते, मी सगळ्या करून बघितल्या. नऊने दोन्हीकडे १ येते. १००० ला पण नऊने १ च येते. नऊने नेहमी १ च का येते?"

बाई, शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

फळाखडू

तिला सांगा, १० म्हणजे नऊची एक ओळ आणि वर एक. १०० म्हणजे ९९ आणि वर एक. १००० म्हणजे ९९९ आणि वर एक. आता तिने ४३२ घ्यावेत: चार शंभरांतून चार उरतात, तीन दहांतून तीन उरतात, सुटे दोन आहेतच. ४ + ३ + २ = ९, त्याची अजून एक ओळ होते, म्हणून पूर्ण भाग. मग ५२७ ची बाकी तिने भागाकार न करता काढावी आणि इथे लिहावी.